वाचकांचे प्रश्न : साहित्याविषयी इंग्रजीत लिहिताना

प्रश्न : मराठी न जाणणाऱ्या वाचकांसाठी मी 'नटसम्राट'वर इंग्रजीत लेख लिहिला आहे. एका प्राध्यापक स्नेह्यांनी माझ्या 'बेलवलकर गेव्ह अवे हिज प्रॉपर्टी' या वाक्यातील 'गेव्ह' खोडून 'गिव्ह्ज' केले. मात्र 'शिरवाडकर रोट' तसेच ठेवले. एकाच लेखात दोन काळ कसे चालतील? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : आपल्या स्नेह्यांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे. इंग्रजी समीक्षेत कलाकृतीच्या आत जे घडते ते सहसा वर्तमानकाळात सांगतात, कारण संहिता उघडणाऱ्या प्रत्येकासमोर ते नव्याने घडत असते; लेखकाच्या आयुष्यात आणि बाहेरच्या जगात घडून गेलेल्या गोष्टी मात्र भूतकाळात जातात. शिरवाडकरांनी नाटक लिहिले, ते १९७० साली रंगभूमीवर आले, त्यांना १९८७चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ही विधाने म्हणून भूतकाळातच हवीत. बेलवलकर मुलगा आणि मुलगी यांच्यात मिळकत वाटून टाकतात, लेकीच्या घरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो, हे वर्तमानकाळात लिहावे. पडदा उघडण्यापूर्वीचे त्यांचे आयुष्य सांगायचे असेल तर 'हॅज स्पेंट हिज लाइफ ऑन द स्टेज' अशी रचना घ्यावी. नाटकाच्या बाबतीत आणखी एक भेद पाळावा लागतो : संहितेतील बेलवलकर वर्तमानकाळात बोलतात, पण डॉ. श्रीराम लागू यांनी ती भूमिका केली हे रंगभूमीच्या इतिहासातले असल्यामुळे तेथे 'प्लेड'च हवे. खरे तर मराठीत कथानक सांगताना आपणही 'अप्पा घर सोडतात' असेच लिहितो. इंग्रजीकडे वळलो की शाळेतल्या गोष्टीलेखनाचा भूतकाळ आपोआप लेखणीत उतरतो, एवढेच.

काळाइतकेच लक्ष क्रियापदाच्या निवडीकडे द्यावे. 'लेखकाने वृद्धांची उपेक्षा दाखवण्याचा प्रयत्न केला आहे' हे मराठी परीक्षणांतले ठरलेले वाक्य आहे आणि त्यात 'प्रयत्न' हा शब्द निव्वळ सौजन्यापोटी येतो. त्याचे 'द ऑथर हॅज ट्राइड टू शो' केले की इंग्रजी वाचकाला प्रयत्न फसल्याचा वास येतो. लेखक अयशस्वी ठरला असे आपले मत नसेल तर नुसते 'शोज' पुरते. (मराठीतही हा 'प्रयत्न' थोडा कमी झाला तर परीक्षणांचे बिघडणार नाही, असे माझे मत आहे.) 'द पोएट क्वोट्स' ही चूकही वारंवार आढळते. कवी स्वतःच्या ओळी 'क्वोट' करत नाही, त्या उद्धृत करतो तो समीक्षक. कवीसाठी 'राइट्स' लिहावे आणि ओळी एखाद्या पात्राच्या तोंडी असतील तर त्या पात्राचे नाव घेऊन 'सेज' लिहावे, म्हणजे पात्राचे मत लेखकाच्या माथी मारले जाणार नाही. 'डिस्कसेस अबाउट' यातील 'अबाउट' काढून टाकावे. 'नटसम्राट' हे 'प्ले' आहे. 'ड्रामा' हा शब्द इंग्रजीत बहुधा त्या साहित्यप्रकारासाठी वापरतात.

'किंग लियर'चा उल्लेख करणारच असाल तर 'बेस्ड ऑन' लिहिण्यापूर्वी विचार करावा, कारण त्यातून मूळ कथानक बरेचसे जसेच्या तसे घेतल्याचा समज होतो. निवृत्त नटाचे हे घर शिरवाडकरांनी स्वतः उभे केले आहे, तेव्हा 'इकोज' हे क्रियापद अधिक न्याय्य आहे.

प्रश्न : लेखात त्यांचा उल्लेख कुसुमाग्रज असा करावा की शिरवाडकर असा? आदरार्थी काय लिहावे? (तेच वाचक)

उत्तर : कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने प्रसिद्ध झाली, तेव्हा नाटकावरील लेखात शिरवाडकर हेच नाव ठेवावे. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव देऊन कविता ते कुसुमाग्रज या नावाने लिहीत, हे एका उपवाक्यात सांगावे आणि पुढे केवळ आडनाव वापरावे. नाशिककरांना तात्यासाहेब म्हटल्यावाचून चैन पडत नाही हे मान्य, परंतु इंग्रजी समीक्षेत 'श्री', 'सर' किंवा 'द ग्रेट' यांपैकी काहीही नावापुढे लावत नाहीत आणि सर्वनामही साधे 'ही' असते; त्यात अनादर मानला जात नाही.