अर्धी गोळी कोण मोडतं?

प्रश्न : ताई, मी चाकणला कंपनीत आहे. गाव बीड जिल्ह्यात. धाकटा भाऊ साडेचार एकर शेती बघतो, म्हणजे बघायचा. दीड वर्ष झालं, सकाळी दहा-दहा वाजेपर्यंत गोधडीतून निघत नाही. २०२४ ला सोयाबीन पाण्यात गेलं, तर विम्याची तक्रारही केली नाही. बँकेत पीककर्जाचं नवं-जुनं करायला (जुनं भरून नवं उचलायला) यायला सांगितलं होतं, गेला नाही. भावजयीच्या नावावर गटाचं (मायक्रोफायनान्सचं) कर्ज आहे, ते लोक रात्री दारात येऊन बसतात. खासगी डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, महिन्याला दीड हजाराच्या गोळ्या दिल्या. त्याही धड घेत नाही, अर्धी मोडून घेतो. मी दर महिन्याला पाच हजार पाठवतो, समजावून सांगतो. आता माझा फोनही उचलत नाही. हा खरंच आजार आहे की नुसतं कर्जाचं टेन्शन? कर्ज फिटलं की आपोआप बरा होईल का? आजार असेल तर मी खर्च करीन, पण त्यानं केलेलं कर्ज मी का फेडू?
— थोरला भाऊ

उत्तर :

दादा, तुमचं पत्र मोठं आहे, पण मी एका वाक्यावर अडकले. ‘अर्धी मोडून घेतो.’ तुम्ही ते भावाच्या गुन्ह्यांच्या यादीत टाकलंय आणि पुढं निघून गेलात.

ज्याला गोळी नकोच असते तो ती उकिरड्यावर टाकतो, नाहीतर पाकीट कोनाड्यात धूळ खात पडतं. अर्धी मोडणारा माणूस गोळी पुरवत असतो. तीस दिवसांचं औषध साठ दिवस. दीड हजाराचे साडेसातशे. ज्याला बँकेपर्यंत जाणं होत नाही, त्यानं घरात बसून एवढा हिशोब मात्र रोज केलाय, नखानं नाहीतर विळीवर गोळी मोडून. बायकोच्या डोक्यावर आणखी खर्च नको आणि औषधही सुटायला नको, असा तो हिशोब आहे. तुमच्या भावाला बरं व्हायचंय. पत्रभर तुम्ही त्याला आळशी म्हणत होतात आणि पुरावा उलटा दिलात.

आता त्या अर्ध्या गोळीचं काय होतं ते सांगते. या औषधांचा गुण यायला पूर्ण डोस घेऊनही दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. पुरेसं औषध पोटात गेलंच नाही तर गुण येणार कुठून? मग घरात म्हणतात, गोळ्यांनी फरक नाही, बंद कर. एकदम बंद केलं की चक्कर, घाबरं होणं, झोप उडणं सुरू होतं. म्हणजे पैसेही गेले आणि माणूस आणखी खचला. बरं वाटायला लागल्यावरसुद्धा निदान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं, हे त्याला कुणी नीट सांगितलं होतं का? मला शंका आहे. आणि सांगितलं असलं तरी त्यानं मनात पहिल्यांदा काय केलं असेल? सहा गुणिले दीड हजार.

आजार की कर्ज, असा सवाल तुम्ही मला टाकलाय. तुम्हाला दोन्ही वेगळं करून हवंय, कारण एका खात्यावर तुम्ही पैसे भरणार आहात आणि दुसऱ्यावर नाही. पण तुमचंच पत्र परत वाचा. त्या हंगामात विम्यासाठी नुकसान ७२ तासांत कळवावं लागत होतं. पहाटे तीनला जाग येते, नंतर डोळा लागत नाही, उजाडल्यावर अंग उठत नाही, अशा माणसासाठी ७२ तास म्हणजे काहीच नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत गेली, मीटर सुरू. तो बँकेत गेला नाही, त्याचं व्याज आजारानं लावलंय. आणि ते चढत चाललेलं व्याज आठवून तो पुन्हा पहाटे तीनला जागा होतो. यात कुठं रेघ मारायची ते तुम्हीच सांगा. मला तर जागा सापडत नाही.

गोळीनं सोयाबीनचा भाव वाढणार नाही, हेही खरं. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या खालीच गेला. निरोगी माणसाचीही झोप उडावी असाच हा धंदा झालाय. पण कर्ज फिटलं की आपोआप बरा होईल, या आशेवर बसू नका. उद्या कुणी सगळं कर्ज फेडलं, तरी पुढची पेरणी करायला उठणारा माणूस लागेल. आणि कर्ज तुम्ही फेडा असं तुम्हाला कुणी म्हटलेलं नाही. त्यानंही नाही, भावजयीनंही नाही. ते तुमचं तुम्हीच मनात मांडून बसलात.

‘समजावून सांगतो’ म्हणजे काय, हेही मला ठाऊक आहे. ‘पोरांकडं बघ, उठ, मी नाही का बारा-बारा तास मशीनपुढं उभा राहत.’ पाच हजारांबरोबर हे दर महिन्याला येत असेल, तर मीही फोन उचलला नसता.

तर आता एकच करायचं. रजा टाका आणि गावी जा. फोन नाही, पैसे नाहीत, स्वतः जा. सोमवारी सकाळी त्याला घेऊन बीडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषधं सगळं मोफत आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आहे, त्याचे समुपदेशकही तिथंच विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं हा उपचार त्याचा हक्क आहे, उपकार नाही. जुनी चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्या बरोबर न्या, किती दिवस अर्धी घेत होता ते डॉक्टरांना सांगा. गोळीचं नाव बदललं तर घाबरू नका. रांग लांब असते, तासन् तास जातात, आणि एकटा गेला तर तो अर्ध्या रांगेतून परत येईल. म्हणून तर तुम्हाला धाडतेय.

जाताना बसमध्ये त्याला थेट विचारा : जीव द्यावा असं मनात येतं का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी विचारल्याशिवाय राहणार नाही. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा. उत्तर काहीही येवो, घरात फवारणीचं औषध असेल तर ते त्याच दिवशी घरातून बाहेर काढा, शेजारच्याकडं कुलपात ठेवा. आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर भावजयीच्या फोनमध्ये घाला. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. सोमवारची वाट बघण्यासारखी परिस्थिती नसेल, तर आजच लावा.

गटवाल्यांचं म्हणाल, तर ती रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेली कंपनी असेल तर अशा कर्जाच्या वसुलीला संध्याकाळी सहानंतर तगादा लावणं तिला मना आहे, २०२२ चा नियम आहे. तुम्ही गावात असताना ते आले तर हे त्यांना तुम्ही सांगा. एवढा मोठा भाऊ घरात उभा आहे, याचा काहीतरी उपयोग होऊ द्या. बँकेचं पुढच्या फेरीत बघा, तोही बरोबर येऊ शकेल तेव्हा.

या महिन्याचे पाच हजार फोनवरून टाकू नका. खिशात घेऊन जा, भावजयीच्या हातात द्या, आणि समजावून काही सांगू नका.