वाचकांचे प्रश्न : रात्रीची गाडी आणि पहाटेची झापड

प्रश्न : मी गेली सहा वर्षे मालवाहू ट्रक चालवतो. रात्री नऊला गाडी काढतो आणि सकाळी सातला पोहोचतो. आठच्या सुमारास आडवा होतो, पण दुपारी बाराच्या पुढे झोप टिकत नाही. मध्यरात्रीपर्यंत काही जाणवत नाही. पहाटे तीननंतर मात्र डोळ्यांवर झापड येते. गेल्या महिन्यात चाके रस्त्याकडेच्या खडीवर उतरली आणि त्या खडखडाटाने मी भानावर आलो. डोळे मिटल्याचे मला अजिबात आठवत नाही. मी काच उघडतो, गाणी मोठ्याने लावतो, कॉफी पितो. याहून आणखी काय करावे?
— एक ट्रकचालक

उत्तर : डोळे मिटल्याचे तुम्हाला आठवत नाही, हीच तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. काही क्षणांची ही डुलकी येते तेव्हा मेंदू झोपेत गेलेला असतो, कधीकधी डोळे उघडे असतानाही, आणि त्या क्षणांची नोंद मागे राहत नाही. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे चार सेकंदांची डुलकी लागली, तर जवळजवळ ९० मीटर अंतर भरलेला ट्रक कोणीही न चालवता कापतो. तुमच्या बाबतीत वाटेत खडी होती, एवढेच.

वेळ तीननंतरचीच का, याचे उत्तर शरीराच्या घड्याळात आहे. पहाटे साधारण दोन ते सहा या काळात शरीराचे तापमान उतरते, झोपेला अनुकूल असा मेलॅटोनिन हा संप्रेरक रक्तात भरपूर असतो आणि लक्ष सर्वांत कमी टिकते. वर्षानुवर्षे रात्रपाळी करूनही बहुतेकांचे हे घड्याळ पूर्णपणे उलटत नाही, त्यामुळे ‘मला आता सवय झाली आहे’ या म्हणण्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. त्यात तुमच्या दिनक्रमाची भर पडते. दुपारी बाराला उठलेला माणूस पहाटे पाचला सलग १७ तास जागा असतो, आणि इतक्या जागरणानंतर हाताची व लक्षाची चपळता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. घड्याळाचा उतार आणि जागरणाचा भार हे दोन्ही तुमच्यावर एकाच वेळी येतात.

म्हणून पहिला बदल गाडीत नव्हे, घरी करावा. सकाळची चार तासांची झोप तशीच ठेवा आणि दुपारी चार ते साडेपाच पुन्हा झोपा. झोपेचे एक पूर्ण आवर्तन साधारण दीड तासाचे असते, त्यामुळे तेवढ्यानंतर उठणे सहसा फार जड जात नाही. शिवाय पहाटे पाचला तुमचे जागरण १७ ऐवजी साडेअकरा तासांचे होते. सकाळी परतताना डोळ्यांवर पडणारे ऊन शरीराच्या घड्याळाला ‘दिवस उजाडला’ असे सांगते आणि झोप पळवते. त्यामुळे गाडी लावून घरी पायी जाताना गडद चष्मा वापरावा (गाडी चालवताना नव्हे, तो पेंगेला निमंत्रण देतो), खोलीत मिट्ट काळोख करावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. घरातल्यांनाही हे स्पष्ट सांगावे लागते, कारण दिवसा झोपलेल्या माणसाला ‘फक्त दोन मिनिटांसाठी’ उठवण्यात कोणालाच काही गैर वाटत नाही.

आता तुमच्या तीन उपायांविषयी. काच उघडणे आणि गाणी लावणे यांनी फार तर काही मिनिटे तरतरी येते, आणि खरा धोका त्या तरतरीतच आहे, कारण तिच्या भरवशावर माणूस आणखी तासभर गाडी हाकतो. कॉफीचे तसे नाही. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोप दाटते. कॉफीतले कॅफीन त्याची जागा अडवते. पण त्याला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि याच उशिराचा उपयोग करून घेता येतो. सुरक्षित थांब्यावर गाडी लावा, कॉफी प्या, लगेच २० मिनिटांचा गजर लावून डोळे मिटा. जाग येते तेव्हाच कॅफीनचा परिणाम सुरू झालेला असतो. झोप लागली नाही, तरी पडून राहा. अर्ध्या तासापलीकडे मात्र जाऊ नका, कारण गाढ झोपेतून उठवलेला मेंदू बराच वेळ सुस्त असतो. उठल्यावरही दहा-पंधरा मिनिटे पाय मोकळे करून मगच चाक हाती घ्या. कॅफीनचा निम्मा अंश साधारण पाच तास शरीरात राहतो. तुम्ही आठला झोपता, म्हणून तीननंतर कॉफी नको.

ही डुलकी कधी घ्यायची, हे मात्र ‘झोप येते आहे का’ असे स्वतःला विचारून ठरवू नका. रोज सहाच तास झोपणाऱ्या माणसांची चपळता दोन आठवड्यांत खूप घसरते आणि तरी त्यांना स्वतःला ‘थोडाच थकवा आहे’ असे वाटते, हे प्रयोगांत दिसले आहे. थकलेला मेंदूच थकवा मोजायला बसतो, मग हिशोब बरोबर कसा येणार? वेळ आधीच ठरवून ठेवा : अडीचला थांबायचे, झोप येत असो वा नसो. आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर आठवेनासे झाले, गाडी मार्गिकेत डोलू लागली, जांभया थांबेनाशा झाल्या, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता पुढच्या पहिल्या सुरक्षित जागी गाडी उभी करा, मग माल उशिरा पोहोचला तरी चालेल.

प्रश्न : माझे पती रात्री ट्रक चालवतात. दिवसा सात-आठ तास झोपूनही ते थकलेलेच उठतात. झोपेत मोठ्याने घोरतात, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग दचकून श्वास घेतात. ‘कामच तसे आहे’ असे ते म्हणतात.
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, हे बहुधा कामामुळे नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणे झोपेत श्वास अडण्याच्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या विकाराची आहेत. घशाचा मार्ग पुनःपुन्हा मिटतो, मेंदू प्रत्येक वेळी किंचित जागा होतो, आणि आठ तास पडून राहूनही झोप अशी मिळत नाही. वजन जास्त असलेल्या, जाड मानेच्या पुरुषांत तो अधिक आढळतो, पण सडपातळ माणसेही त्यातून सुटलेली नाहीत. रात्रभर श्वास आणि प्राणवायूचे प्रमाण नोंदवणारी झोपेची तपासणी करून निदान होते, आणि झोपताना मुखवट्यातून हवेचा दाब देणारे यंत्र वापरले की अनेकांना फरक लवकर जाणवतो. स्वतःचे घोरणे त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा फोनवर पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ते डॉक्टरांना ऐकवा. सर्दी-ॲलर्जीसाठी ते काही गोळ्या घेत असतील, तर त्याही सोबत न्या; क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधांनी गुंगी येते आणि ती दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकू शकते. तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत त्यांनी रात्रीच्या खेपा घेऊ नयेत.