टांगा उलार, विमान ‘स्थिर’?

ग्वाल्हेरच्याच एका वहिनींचा प्रश्न आहे. मुलाच्या शाळेसाठी एक हिंदी लेख मराठीत उतरवताना त्यांना ‘ध्वनि की गति पार करते समय विमान का स्थायित्व बढ़ जाता है’ हे वाक्य अडलं. त्यांनी ‘विमान अधिक स्थिर होते’ असं लिहिलं, तर सासरे म्हणाले, “स्थिर झालं तर पडेल की!” मग ‘संतुलन वाढते’ लिहू का?

वहिनी, सासऱ्यांची शंका रास्त आहे. मराठीत स्थिर म्हणजे न हलणारं. ‘स्थायित्व’ही नको, आपल्याकडे स्थायी म्हटलं की समिती आठवते. ‘स्थैर्य’ लिहा. धक्का बसला तरी आपण होऊन मूळ जागी येण्याची ओढ, ते स्थैर्य. कुत्र्याचं शेपूट नळीतून काढलं की पुन्हा वाकडं. लोक हसतात, पण हे स्थैर्यच!

संतुलन वेगळं. बाड्यावरून, म्हणजे ग्वाल्हेरच्या मधल्या चौकातून, टांग्यात बसलेल्यांना ‘उलार’ शब्द आठवेल. मागे तीन भारदस्त मंडळी बसली की दांड्या वर उचलल्या जायच्या आणि टांगेवाला ओरडायचा, “उलार हो रहा है, एक जन आगे आओ!” फार लोक पुढे आले, तर भार घोड्याच्या पाठीवर. चाकांच्या आसापुढचं आणि मागचं वजन जुळवणं, हे संतुलन.

विमानात आसाचं काम पंखांची उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा जोर, करते. कमी वेगात या उचलीचं केंद्र पंखाच्या रुंदीत पुढून साधारण पाव अंतरावर असतं. विमान स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, झालं की ते जवळपास निम्म्यावर सरकतं. धावत्या टांग्याचा आसच मागे सरकावा, तसं! नाक जड होऊन खाली जाऊ लागतं, म्हणजे संतुलन बिघडलं. पण वजनाचं केंद्र आता उचलीच्या आणखी पुढे पडलं, म्हणून स्थैर्य वाढलं. दोन्ही एकाच वेळी, आणि म्हणूनच हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

वाढलेलं स्थैर्य सुखाचं असतं असंही नाही. विमान हट्टी होतं, नाक वर घ्यायला तयार नसतं. त्यातच हवेतल्या आघात-तरंगांमुळे शेपटाच्या आडव्या पंखाची मागची झडप निकामी होऊ लागते. बेल एक्स-1 या अमेरिकी प्रायोगिक विमानात म्हणून तो अख्खा आडवा पंखच हलवायची सोय होती. 14 ऑक्टोबर 1947 रोजी अमेरिकी वैमानिक चक येगर यांनी त्याच विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला. काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानात तोल साधायला सुमारे 20 टन इंधन मागच्या टाकीत पंपाने नेत. “एक जन पीछे जाओ”, दुसरं काय!

आपल्या महाराजपूरच्या हवाई तळावरच्या मिराज 2000 या लढाऊ विमानाला तर मुळातच स्थैर्य कमी ठेवलंय, म्हणजे ते चटकन वळतं. सावरायचं काम संगणकाचं.

तेव्हा वाक्य असं करा: ‘ध्वनीचा वेग ओलांडताना विमानाचे स्थैर्य वाढते, पण संतुलन नव्याने साधावे लागते.’ ‘गति’ ठेवायचीच असेल, तर मराठीत ती दीर्घ, ‘गती’. मला इथे ‘वेग’च बरा वाटतो.