वेल्सकडून रग्बी आणि इंग्लंडकडून क्रिकेट खेळलेला खेळाडू कोण?

हा मान मॉरिस टर्नबुल यांचा. कसोटी क्रिकेटमध्ये वेल्सचा स्वतंत्र संघ नसल्यामुळे तिथले क्रिकेटपटू इंग्लंडकडून खेळतात; रग्बीत मात्र वेल्सचा स्वतःचा संघ आहे, आणि म्हणूनच कार्डिफमध्ये 1906 साली जन्मलेल्या टर्नबुल यांना दोन वेगवेगळ्या राष्ट्रीय संघांकडून खेळता आले. 1930 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ख्राइस्टचर्चला कसोटी पदार्पण करताना ते इंग्लंडच्या संघात निवडले गेलेले ग्लॅमॉर्गन या वेल्समधील कौंटी संघाचे पहिले खेळाडू ठरले. नऊ कसोटींपैकी शेवटची ते 1936 मध्ये लॉर्ड्सवर भारताविरुद्ध खेळले. याच सामन्यात आपल्या दत्ताराम हिंदळेकरांनी कसोटी पदार्पण केले होते.

रग्बीत स्क्रम-हाफ या स्थानावर खेळणाऱ्या टर्नबुल यांना वेल्सकडून दोनच सामने मिळाले, पण त्यांपैकी पहिलाच, म्हणजे जानेवारी 1933 मधला ट्विकनहॅमचा सामना, ऐतिहासिक ठरला, कारण त्या मैदानावर वेल्सने इंग्लंडला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती. हॉकी आणि स्क्वॉशमध्येही त्यांनी वेल्सचे प्रतिनिधित्व केले.

माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम ग्लॅमॉर्गनचे आहे. 1930 ते 1939 या काळात ते कर्णधार होते, शिवाय त्यांनी सचिवपदही सांभाळले आणि आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या या कौंटीसाठी निधी उभा करून तिला तगवले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या वेल्श गार्ड्स या रेजिमेंटमध्ये मेजर असताना ऑगस्ट 1944 मध्ये नॉर्मंडीतील लढाईत त्यांना वीरमरण आले.