फळ्यावरची 18 जून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फळ्याचा फोटो मिळाला. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, फक्त 'ळ'चं पोट जरा सुटलंय. ग्वाल्हेरच्या आपल्या वाचनालयाचा दिनविशेष मी 22 वर्षं लिहिला, म्हणून थोडं बोलतो.

तू लिहिलंस: 18 जून 1576, हळदीघाटीत ग्वाल्हेरचे राजा रामशाह तंवर मुलांसह पडले. 18 जून 1858, ग्वाल्हेरात राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण. खाली ठळक अक्षरांत, 'एकच तारीख, एकच ग्वाल्हेर!' वाचून माझ्याही अंगावर काटा आला. मग हिशेब मांडला. 1576ची तारीख जुन्या जुलियन कॅलेंडरची. पोप ग्रेगरींनी ते सुधारलं 1582 साली, दहा दिवस एकदम गाळून. आजच्या मोजणीनं हळदीघाटी 28 जूनला येते. राणीसाहेबांची तारीख नव्या कॅलेंडरची, आणि तीही काही इंग्रजी नोंदींत 17 सापडते. घटना दोन्ही खऱ्या, जोडी आपण खडूनं जुळवलेली.

हसू नकोस, मी याहून मोठा आपटलोय. एका 14 जानेवारीला मी लिहिलं होतं, 'ऐन संक्रांतीला पानिपतावर संक्रांत कोसळली!' कोटी मला फार आवडली होती. पेपर वाचायला येणारे एक भिक्षुकी करणारे आजोबा उठले, माझ्याच हातातला खडू घेतला आणि 1761च्या खाली बारीक अक्षरांत 'पौष शुद्ध 8, बुधवार' लिहिलं. मग विचारलं, "विवेकानंद संक्रांतीला जन्मले. तारीख?" म्हटलं, 12 जानेवारी 1863. "म्हणजे तेव्हा संक्रांत 12ला होती. ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आता शंभर वर्षं मागे जा." मी बोटं मोजली. 10च्या आसपास येत होती. म्हणजे भाऊसाहेबांची फौज रणात उतरली तेव्हा संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. तिळगूळ कुठला, छावणीत खायला दाणा नव्हता! आजोबांनी खडू परत दिला आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

तेव्हापासून मी जुन्या तारखेखाली तिथी लिहायला लागलो. इंग्रजांनी नवं कॅलेंडर घेतलं 1752 साली, त्याआधीच्या तारखेपाशी जरा थांबायचं. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 हीसुद्धा जुनीच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी लिहिलीस की वाद नाही. 6 जून 1944च्या नॉर्मंडीच्या लढाईशी तिची सांगड घालू नकोस, लोक घालतात.

जोड्या हव्याच असतील तर 18 जूनला 1815चं वॉटर्लू आहे, 1946ची गोवा मुक्तीसाठीची लोहियांची मडगावची सभा आहे. पणजीतल्या एका रस्त्याचं नावच 18 जून रस्ता. पण आपल्या फळ्यावर वॉटर्लू कशाला? राणीसाहेबांची फूलबागेतली समाधी चालत जाऊन बघण्यासारखी. त्यापेक्षा 1858च्या त्या जूनचंच सलग लिही: 1 तारखेला शिंद्यांची फौज बंडवाल्यांना मिळाली, ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले, पुढे कोटा की सरायची, राणीसाहेबांची शेवटची लढाई. जयाजीराव निघून गेल्याचं वाक्य गाळू नकोस. महाराज बाड्याच्या चौकात कुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या तर पडू देत.

20 जूनला इंग्रजांनी किल्ला परत घेतला. तो दिवस फळ्यावर कधी आला नाही, माझ्याकडूनही राहिला. या वर्षी घे. आणि खडू भिजवून लिही, पंख्याखाली भुकटी उडून पेपरवाल्यांच्या चहात पडते.

तुझा,
काका