चुन्याची डबी राहू द्या, आधी काटा काढा

द्राक्षबागेत मधमाशी चावली की आम्ही लगेच चुना लावतो. बरोबर आहे का? (तासगाव)

चुन्याने कातडी भाजते, विष उतरत नाही. शिवाय डबी शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच. मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो आणि माशी गेल्यावरही त्याला चिकटलेली पिशवी आत विष ढकलत राहते. नखाने खरवडा नाहीतर चिमटीने उपटा, पण लगेच. चिमटीत धरायचं नाही असं पूर्वी आम्ही डॉक्टरच बजावायचो. खरा फरक पडतो तो वेळेचा. मग साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा. हातावर डंख असेल तर अंगठी आधी काढा, सुजल्यावर ती कापावी लागते. गांधीलमाशी काटा सोडून जात नाही, तो शोधत बसू नका.

आग्या मोहोळ उठलं तर मात्र झटापट नको. तोंड झाकून पळा, घरात किंवा गाडीत शिरून दार लावा. डंख दहा-पंधराच्या वर गेले तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा.

काल डंख बसला, आज हात कोपरापर्यंत सुजलाय. पू झाला असेल का? (कोरेगाव)

बहुतेक नाही. अशी सूज दुसऱ्या दिवशी वाढते, मग आठवड्याभरात ओसरते. हात उंच ठेवा. खाजेसाठी मोठ्या माणसाला रात्री सेट्रिझिनची एक गोळी चालते. ताप आला किंवा लाली आणि ठणका रोज वाढतच गेला तर दाखवा.

मला भीती वाटते ती डंखापासून लांबच्या लक्षणांची. पायाला चावलं आणि ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, श्वास लागला, चक्कर आली, तर १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करा, दम लागत असेल तर बसू द्या. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, गोळी पुरत नाही.

तालीचा दगड उचलताना वडिलांना विंचू चावला. फार दुखत नाही म्हणून ते घरीच थांबले... (माण)

हे पत्र वाचून मी फोनच केला. दुखणं कमी म्हणजे विष कमी, असा हिशोब विंचवाच्या बाबतीत चालत नाही. थोराड काळ्या विंचवापेक्षा लहान तांबडा विंचू घातक. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, छातीत धडधड, ही हृदयावर ताण आल्याची खूण. पुढे फुप्फुसात पाणी भरतं. लहान मुलं यात लवकर कोसळतात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात अशा रुग्णांवर रक्तदाबाचं प्राझोसिन वापरून अनेकांचे जीव वाचवले; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी घरी ठेवून स्वतःच देऊ नका, रक्तदाब एकदम खाली येतो. दोरी बांधणं, चिरा देणं, मंत्र घालणं, सगळं बंद. बर्फ लावा आणि निघा.

गोवऱ्या, लाकडं उचलताना आधी काठीने ढोसा. चपला झटकून घाला, एवढं तरी करा.

शेवग्याखाली खेळताना मुलीच्या मानेवर सुरवंट पडला. (मिरज)

चोळू नका, केस आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ओढा, दोन-तीनदा. मग धुवा, वर कॅलामाइन लावा. फ्रॉकही वेगळा धुवा, त्यात केस अडकलेले असतात. डोळ्यात गेले असतील तर घरचे प्रयोग न करता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.