"शरीर तयार होतं, मनच कच्चं निघालं"

"मॅडम, माझं शरीर तयार होतं, मनच कच्चं निघालं. आता मनाचं काय करायचं ते सांगा." पहिल्याच भेटीत त्या बाईंनी हे विचारलं. शिखर अर्ध्यावर सोडून परतलेल्या माणसांकडून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत नेहमी येतो. म्हणून त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांचा अनुभव लिहिते आहे.

चाळिशी ओलांडलेल्या या बाईंनी पाच हजार मीटरच्या वरच्या एका शिखरासाठी वर्षभर तयारी केली होती. पळणं, पाठीवर वजन घेऊन जिने चढणं, सगळं नेमाने चालू होतं. तरी शेवटच्या कॅम्पवरून, शिखर समोर दिसत असताना, त्या खाली उतरल्या. बाकीचा गट वर जाऊन आला. परतल्यावर त्यांना कोणी टाकून बोललं नाही. उलट "पुढच्या वेळी जरा मन घट्ट कर" असा धीरच दिला, आणि नेमका तोच धीर त्यांच्या जिव्हारी लागला. गटाचे फोटो आले की त्या मोबाईल पालथा ठेवायच्या. पळणं सुटलं. ऑफिसातला साधा निर्णय घेतानाही 'मी ऐन वेळी कच खाते' हेच मनात यायचं.

मी त्यांना शेवटच्या कॅम्पवरच्या रात्रीबद्दल विचारलं. "घाबरले," एवढंच त्या म्हणाल्या. हा त्यांनी काढलेला निष्कर्ष होता, मला ती रात्र हवी होती. कोणत्या कुशीवर होता, जाग आली तेव्हा आधी काय जाणवलं, हात कुठे होता, असं एकेक विचारत गेले. मग ते तंबूतलं सगळं बाहेर आलं. स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. डोळा लागला की श्वास थांबल्यासारखा व्हायचा आणि एकदम मोठा श्वास ओढत जाग यायची. चेन उघडायला जावं तर बोटं चालेनात. छातीत धडधड. शेजारी मैत्रीण गाढ झोपलेली. 'आपण इथेच मरणार' हा विचार आला तो त्या क्षणी.

त्यांना हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं की इतक्या उंचीवर झोपेत श्वासाची लय अशी तुटणं सर्रास घडतं. श्वास वाढत जातो, मग मंदावतो, काही सेकंद थांबतोही, आणि पुन्हा सुरू होतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब घटतो. साधारण ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. शरीर जोरजोरात श्वास घेऊन ती तूट भरून काढायला बघतं. म्हणजे धाप, धडधड, उडालेली झोप, ही सगळी भीतीचीही लक्षणं आणि विरळ हवेचीही. मध्यरात्री, एकटीने जागं असताना, यातलं कुठलं कशाचं हे ओळखणं फार अवघड असतं.

मग मी विचारलं, "डोकं दुखत होतं का?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. डोकं दोन दिवस आधीपासून दुखत होतं. मळमळत होतं, जेवण जात नव्हतं. गाईड रोज सकाळी विचारायचा आणि त्या हसून अंगठा वर करायच्या. "सांगितलं असतं तर परत पाठवलं असतं ना."

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाची गाठ इथे होती. त्यांचं मन कच्चं मुळीच नव्हतं. दोन दिवस दुखणं लपवून चालत राहण्यात त्याची सगळी ताकद खर्च झाली होती. डोंगरावर 'मनोबल' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यात ही लपवाछपवीही बेमालूम मिसळलेली असते, आणि ती धोक्याची आहे. अल्टिट्यूड सिकनेस, म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेमुळे होणारा डोकेदुखी-मळमळीसारखा त्रास, तंदुरुस्ती बघून येत नाही, उत्तम पळणाऱ्यालाही होतो. लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालता येईना किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर रात्र असो की पहाट, ताबडतोब उतरायचं. हे वाचताना सोपं वाटतं. पण ऑक्सिजन कमी पडला की विचारशक्तीही मंदावते, म्हणून हे निर्णय खाली असतानाच ठरवून, सोबत्याला सांगून ठेवावे लागतात.

आम्ही एव्हरेस्टवरच्या मे १९९६ च्या दुर्घटनेबद्दलही बोललो. दुपारी दोनपर्यंत शिखर गाठलं नाही तर मागे फिरायचं, हा तिथला ठाऊक असलेला संकेत. तरी त्या दिवशी काहीजण दोननंतरही चढत राहिले. उतरताना वादळाने गाठलं आणि आठ जणांचा जीव गेला. त्यांच्यात अनुभवी गिर्यारोहकही होते. शिखर समोर असताना पाठ फिरवणं त्यांनाही जमलं नव्हतं. हे ऐकल्यावर स्वतःच्या उतरण्याकडे बाईंनी पहिल्यांदा जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

समजलं म्हणून भीती लगेच जात नाही. सरावासाठी मी त्यांना दम लागेपर्यंत जिने चढायला सांगितलं. वर पोचल्यावर बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, उभं राहून फक्त धाप ओसरताना बघायची आणि काय काय जाणवलं ते मोठ्याने बोलायचं. पहिल्या वेळी त्या रडल्या. पुढे पुढे 'कानात ठोके, पोटऱ्या भरून आल्या, भीती थोडी' असं हिशेब सांगितल्यासारखं सांगू लागल्या. धाप आणि धोका यांची जोडी अशीच हळूहळू सुटते. याशिवाय रोज सकाळ-संध्याकाळ डोकं, पोट, थकवा, चक्कर यांना शून्य (काहीच त्रास नाही) ते तीन (फार त्रास) गुण देऊन ते घरातल्या कोणाला तरी सांगायचे. खरं सांगण्याची सवय डोंगरावर गेल्यावर लागत नाही.

उतरण्याचा सरावही मी आग्रहाने करायला लावला. चढताना दम निघतो, पण उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्यामुळे त्यांची झीज जास्त होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय धरतात. थकलेल्या पायांवर विश्वास राहिला नाही की मनही डगमगतं. बाईंच्या वर्षभराच्या तयारीत हा भागच नव्हता. जिने चढून त्या लिफ्टने खाली यायच्या.

मध्ये त्यांनी विचारलं, "मग पुन्हा जाऊ का?" मी हो किंवा नाही म्हटलं नाही, आधी डॉक्टरांना भेटायला सांगितलं. अशा उंचीवर एकदा त्रास झालेल्यांना तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मग बाईंनी स्वतःच योजना आखली. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. त्या बेतात बसेल असाच गट निवडायचा, भले तो सावकाश जाणारा असो. त्या मैत्रिणीलाही फोन करून झाला. या वेळी तंबूत ती सकाळ-संध्याकाळ गुण विचारणार आहे, आणि डोक्याला दोन गुण पडले तर गाईडला सांगायचं काम तिचं.